चाबूक, चुचकार आणि झेनोफन

घोडा शिकवून तयार करणाऱ्या माणसास मराठीत 'चाबुकस्वार' असा जुना शब्द आहे. त्या शब्दात शिक्षणाविषयीची एक संपूर्ण कल्पना मुकाट्याने बसलेली आहे. त्याच मराठीत घोड्याच्या भीतीसाठी 'बुजणे' हे नेमके क्रियापद आहे, आणि बुजलेल्याला शांत करण्यासाठी 'चुचकारणे' आहे. चाबूक आणि चुचकार ह्यांमधला वाद किती जुना आहे हे पाहावयाचे, तर इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीसकडे जावे लागते.

झेनोफन आपल्या वर्गांतून भेटतो तो सॉक्रेटिसचा शिष्य म्हणून, तोही बहुधा प्लेटोच्या मागच्या बाकावर बसलेला. वस्तुतः तो घोडेस्वार होता. इ. स. पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसच्या बाजूने तो इराणच्या राजाविरुद्धच्या मोहिमेत गेला होता. अश्वारोहणावरील त्याचा छोटेखानी ग्रंथ हा ह्या विषयावरील संपूर्ण स्वरूपात टिकलेला सर्वांत जुना ग्रीक ग्रंथ होय. तो वाचताना एक गोष्ट ध्यानी धरावी: ग्रीक स्वाराला रिकीब ठाऊक नव्हती आणि खोगीरही नव्हते. घोडा बुजला की स्वार थेट जमिनीवर. झेनोफनचा मृदूपणा हा अशा माणसाचा मृदूपणा आहे.

घोडा एखाद्या वस्तूला घाबरून पुढे जाईनासा झाला, तर ती वस्तू भयंकर नाही हे त्याला शिकवावे, असे तो सांगतो. ते साधले नाही, तर स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे. मारून पुढे ढकलणारे त्याचे भय वाढवितात, कारण त्या क्षणी होणारी वेदना त्या वस्तूमुळेच झाली, असे घोड्याला वाटते. आमच्या मते हे कारण ह्या ग्रंथाचा गाभा आहे. दया करा, असे झेनोफन येथे म्हणत नाही. घोडा कार्यकारणाची जुळणी कशी करतो, हे तो घोड्याच्या बाजूने पाहतो. साहित्याच्या अभ्यासकांना ह्यात दृष्टिकोनाचा प्रश्न दिसावा. आजचे वर्तनशास्त्रही ह्याच दिशेने जाते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी दुसरा, निर्धोक अनुभव रुजवावा लागतो. म्हणूनच बरा झालेला घोडा निराळ्या जागी पुन्हा बुजू शकतो.

चुचकारण्याविषयी तर झेनोफन थक्क करतो. ओठांनी केलेल्या आवाजाने घोडा शांत होतो आणि जिभेच्या टकटकीने तो चेततो, ही त्याच्या काळची रूढ समजूत. ती नोंदवून तो म्हणतो की प्रथमपासून टकटकीबरोबर लाड आणि ओठांच्या आवाजाबरोबर कठोरपणा जोडला असता, तर परिणाम नेमका उलटा झाला असता. म्हणजे आवाजात अर्थ नाही, तो सहवासाने जडतो. सोस्यूर वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हे पागेतले चिन्हशास्त्र नक्की आवडेल.

इतिहासाने लक्षात ठेवली ती मात्र दुसरीच गोष्ट. सिकंदर आणि ब्युसेफॅलस. ही कथा विस्ताराने सांगणारा प्लुटार्क घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहितो: १३ टॅलेंट किंमत सांगितलेला घोडा, कोणालाही न आवरणारा, तो स्वतःच्या सावलीला भितो हे ओळखून कुमार सिकंदर त्याचे तोंड सूर्याकडे वळवितो, थोपटतो आणि झेप घेऊन वर बसतो. प्रसंग सुंदर आहे, पण चरित्रकाराला हवा तसा सुंदर आहे. सूर्य मावळतीकडे कलल्यावर, घोडा घराकडे वळविल्यावर सावलीचे काय झाले, हे प्लुटार्कला सांगण्याचे कारणच नव्हते. बरे होण्याचे दिवस कथेत मावत नाहीत.

१८५८ साली इंग्लंडमध्ये जॉन रॅरी ह्या अमेरिकन माणसाने असाच क्षण तिकिटे लावून दाखविला. राणी व्हिक्टोरियापुढेही त्याचे प्रयोग झाले, आणि क्रूझर नावाचा कुप्रसिद्ध नाठाळ घोडा त्याने वश केला. अपरिचित वस्तू घोड्याला हुंगू द्यावी, हा त्याचा उपदेश झेनोफनच्या जवळचा आहे. पण पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा आणि थकलेल्या जनावराला खाली बसवायचे, ही त्याची युक्ती आम्हांस खटकते. असहाय झालेले जनावर आणि निर्धास्त झालेले जनावर प्रेक्षकांतून सारखेच दिसतात.

झेनोफनकडे प्रेक्षक नाहीत. शिंगरू गर्दीतून फिरवावे, नाना दृश्ये आणि आवाज त्याच्या सवयीचे करावेत, ते बुजले तर न रागावता समजवावे, हे काम तो मोतद्दारावर सोपवितो. हा मोतद्दार बहुधा गुलाम असे. ग्रंथ मालकासाठी लिहिलेला आहे आणि त्यातला धीर मात्र नोकराने धरायचा आहे. शिंगरू शिक्षकाकडे देताना, मुलाला एखादा धंदा शिकावयास ठेवतो त्याप्रमाणे, परत येताना त्याला काय काय आले पाहिजे हे लिहून द्यावे, असेही तो बजावतो. मेहनताना मिळवायचा तर कशाकडे लक्ष द्यावे, हे शिक्षकाला त्यावरून कळेल.