तिरुवैयारूचे पूर्वज आणि सरकारी दप्तर

युरोपातील मनुष्य वंशावळ शोधावयास निघाला की प्रथम दफनभूमीत जातो. थडग्यावर नाव व सन असतात, आणि शेजारच्या चर्चच्या वहीत त्याच मृत्यूची नोंद असते. तंजावरच्या मराठी कुटुंबातील कोणी हीच रीत तिरुवैयारूत अवलंबू गेल्यास त्याच्या हाती काय लागेल?

तंजावरहून दहा-बारा किलोमीटरांवर, कावेरीकाठी हे क्षेत्र आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरची गादी स्थापिल्यापासून या खोऱ्यात मराठी कुटुंबे वसत गेली. तिरुवैयारूच्या पुष्यमंडप घाटावर आजही पितरांना तर्पण केले जाते. पण ज्यांना पाणी द्यावयाचे त्यांची नावे दगडावर नाहीत. देह अग्नीला आणि अस्थी नदीला दिल्यावर नोंदीसाठी उरते काय?

या गावचे विख्यात स्मारक संत त्यागराजांचे. १८४७ मध्ये निधनापूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, आणि संन्याशाचे दहन होत नाही, म्हणून समाधी झाली. तीही पुढे दुर्लक्षित होऊन झाडोऱ्यात गेली. १९०३ मध्ये शिष्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि १९२५ मध्ये बंगलोर नागरत्नम्मांच्या प्रयत्नाने तेथे मंदिर उभे राहिले. एवढ्या थोर पुरुषाच्या समाधीची ही स्थिती, तर सामान्य कारकुनाची काय कथा!

याउलट इंग्रजांकडे पाहा. मद्रास इलाख्यातील दफनांच्या नोंदींच्या प्रती नियमाने लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुलकी सेवेतील ज्युलियन जेम्स कॉटन यांनी संकलित केलेली इलाख्यातील थडग्यांवरील लेखांची यादी १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. तंजावरला १७९८ मध्ये निवर्तलेल्या श्वार्ट्झ या मिशनऱ्यासाठी दुसऱ्या सर्फोजीराजांनी स्वतः इंग्रजीत मृत्युलेख रचला. राजांनी आपल्या वंशाचा इतिहासही १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. राजाला दगड परवडतो. प्रजेला परवडते ते दप्तर, आणि तेही तिने स्वतः लिहिलेले नव्हे.

माझ्या मते शोधाची दिशा येथूनच ठरते. शासन मृत्यू नोंदविते ते शोकापोटी नव्हे; कोणाचा तरी हक्क त्या मृत्यूने संपतो अथवा सुरू होतो म्हणून. (केंद्रीय निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.) १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य खालसा केले आणि राजघराण्याचे आप्त व आश्रित तनख्यांवर आले. तनखा म्हटला की यादी आली, आणि यादीत वारस आले. १८५८ मध्ये मद्रास इलाख्यात इनाम कमिशन नेमले गेले. त्याच्या नोंदवह्यांत मूळ दान कोणी, कोणास दिले, सध्याचा धारक कोण, त्याचे वय किती आणि मूळ इनामदाराशी नाते काय, अशी विचारणा असे. कावेरीकाठच्या इनामदार घराण्याचा शोध घेणाऱ्यास याहून मोलाचा कागद मिळणे कठीण. थडगे एका माणसाचे असते, ही नोंद पिढ्या जोडते.

शोधकाने नावांचा घोळ मात्र ध्यानी घ्यावा. दक्षिणेत या कुटुंबांची आडनावे बव्हंशी मागे पडून नावापुढे केवळ ‘राव’ उरला. माधवराव दिवाणांच्या नावाआधीचा ‘टी’ हा तंजावरचा. त्यात आजोबांचे नाव नातवाला. तेव्हा गोत्र, गाव आणि वय ही तिन्ही जुळल्याखेरीज मनुष्य सापडला असे समजू नये.

अलीकडच्या पिढ्यांसाठी जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ अन्वये कोणासही नोंदवहीत शोध करवून दाखला मागता येतो. मृत्यूचे कारण तेवढे त्यात उघड केले जात नाही. खेड्यांतील वंशपरंपरागत कर्णमांची पदे तमिळनाडूत १९८० मध्ये रद्द झाली. त्यांच्या घरी दप्तराबरोबर जी तोंडी माहिती नांदत होती, ती कोणत्याही कार्यभार-यादीत हस्तांतरित झाली नाही.

या पद्धतीतील मोठी उणीव स्त्रियांची आहे. जिच्या नावे जमीन नाही, तनखा नाही, तिच्या मृत्यूने कोणताच हिशेब हलत नाही. म्हणून ती कागदावर येतच नाही. अपवाद आहेत. सर्फोजींची मुक्तांबा ही विवाहित राणी नव्हे. पण तिच्या नावे ओरत्तनाड येथे छत्र उभारले गेले, तेथे अन्नदान होऊ लागले, आणि छत्राच्या खर्चाबरोबर तिचे नाव वर्षानुवर्षे लिहिले गेले. तिच्या काळातील कित्येक विवाहित, कुलीन स्त्रियांचे एवढेही उरलेले नाही.

हे हिशेब मोडीत आहेत. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांची शेकडो दप्तरे आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारे मोजके. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये त्यांतील काही कागद तमिळ भाषांतरासह तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्यामुळे तिरुवैयारूचा मराठी वंशज आज आपल्या पणजोबांचा मराठी कागद वाचू शकतो तो बहुधा तमिळमधूनच.