चौलचा इतिहासकार डॉक्टर

गोव्यातील बारदेशात, हडफडे गावी 1844 मध्ये जन्मलेले डॉ. जर्सन द कुन्हा मुंबईत वैद्यकी करीत. तथापि 1876 साली त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो चौल आणि वसईच्या इतिहासाचा होता. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये रेवदंड्यास, म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखाशी, उभारायला घेतलेले आणि 1740 मध्ये मराठ्यांच्या हाती गेलेले चौलचे ठाणे हा त्यातील एक मुख्य विषय होय. या ठाण्याच्या कोटाबाहेरील जुने चौल मात्र निराळेच आहे: तेथील रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड असून, अवर्षणात ते उघडल्यास पाऊस पडतो अशी श्रद्धा आहे. द कुन्हांनी 1877 मध्ये स्कंदपुराणाचा भाग मानले जाणारे ‘सह्याद्रिखंड’ही संपादिले; त्यातील सारस्वतांची कुळकथा ख्रिस्ती सारस्वत घराण्यातील डॉक्टराने छापावी, हे त्या काळच्या गोमंतकीय विद्वत्तेला साजेसेच होते.