ओबीएम : थ्रॉटल व 'स्लो'ची जुळवणी

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोलण्यात 'ओबीएम'. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा, असे सगळे एकाच खांबात असते. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे ही मोटर विक्रीस आणली. कोकणात ती लहान मच्छीमार होड्यांवर दिसते. बुलढाणा जिल्ह्यात तिचे खरे काम पुरातल्या बचावाचे. जुलै 2023 मध्ये घाटाखालच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला, तेव्हा होडीची गरज किती तातडीची असते हे जिल्ह्याने पाहिले.

थ्रॉटल म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप. हँडलची मूठ पिळली की केबल ती उघडते आणि 'रेस' वाढते. मूठ पूर्ण मागे घेतल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने चालू राहते, त्याला मेकॅनिक 'स्लो' म्हणतात. बऱ्याच मोटरींत तो मिनिटाला 600 ते 1000 फेऱ्यांच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मोटरीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. स्लो फार कमी असेल तर गिअर टाकताक्षणी इंजिन बंद पडते आणि होडी प्रवाहाच्या हवाली होते. फार जास्त असेल तर गिअर धाडकन बसतो, त्याचे दात झिजतात आणि माणसाला होडीत घेताना होडी जागेवर ठरत नाही.

स्क्रू दोन असतात आणि घोटाळा इथेच होतो. एक झडपेला टेकू देतो, त्याने फक्त वेग बदलतो. दुसरा हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. हा दुसरा आत पिळला की काही कार्बोरेटरांत पेट्रोल वाढते, काहींत कमी होते, म्हणून अंदाजाने पिळू नये. जिल्ह्यातल्या अमडापूर, चिखली भागात सोयाबीनवर टू-स्ट्रोक फवारणी पंप चालवणाऱ्याला ही जोडी ओळखीची वाटेल. तत्त्व तेच आहे.

आधी केबलची ढील पाहावी. मूठ मागे घेतल्यावर झडप टेकूच्या स्क्रूवर पूर्ण टेकलीच पाहिजे, नाहीतर पुढची सारी मेहनत वाया जाते. मिश्रणाचा स्क्रू अलगद तळाला टेकवून पुस्तिकेत दिलेले वेढे मागे घ्यावा. आवळल्यास त्याची सुई कायमची खराब होते. इंजिन चांगले तापवावे. मग स्क्रू पाव-पाव वेढा फिरवून दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबावे. पेट्रोल कमी पडले की इंजिन आचके देते, जास्त झाले की जड आवाजात धूर सोडते. या दोहोंमधल्या सुरळीत जागेपासून किंचित पेट्रोलच्या बाजूला थांबावे आणि शेवटी टेकूच्या स्क्रूने वेग बसवावा.

हे सारे पंखा पाण्यात असतानाच करावे. कोरड्यावर चालवल्यास इंजिन गार ठेवण्यासाठी पाणी खेचणारे रबरी चाक थोड्याच वेळात जळते. शिवाय पंख्यावर भार नसल्याने लावलेला स्लो खोटा ठरतो. पिंपात इंजिन तपासता येते, अंतिम जुळवणी मात्र जलाशयातच, होडीला लावून, गिअरमध्ये टाकून करावी. बुलढाणा शहर सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते, त्यामुळे कोकणात जुळवलेला कार्बोरेटर घाटावर थोडे पेट्रोल जास्त देतो. घाटाखाली उतरल्यावर स्लो पुन्हा पाहावा.

वर्षभर पडून राहिलेल्या मोटरीत दोष बहुधा स्क्रूचा नसतो. शिळ्या पेट्रोलचा चिकटा बारीक जेटमध्ये बसतो आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषते. म्हणून आधी कार्बोरेटर साफ करावा, ताजे पेट्रोल घ्यावे. 50 : 1 पेट्रोल-तेल मिश्रण सांगितलेल्या टू-स्ट्रोक मोटरीत लिटरमागे 20 मिलिलिटर तेल पडते. इंधन संगणकाने सोडणाऱ्या नव्या फोर-स्ट्रोक मोटरींत मिश्रणाचा असा स्क्रू नसतो.

पावसाळ्यापूर्वी बचावाची मोटर पाण्यात उतरवून गिअर दहा वेळा पुढे-मागे टाकून पाहावा. एकदाही इंजिन बंद पडले, तर दोष सापडेपर्यंत ती होडी पुरात नेऊ नये.