गंज आणि काजळी

गुहागरात लोखंडाला आयुष्य कमी. खारा वारा कडी-कोयंड्याचे पोपडे काढतो. सुपारी कातरून झाली की आजी अडकित्त्याला खोबरेलाचं बोट फिरवूनच तो फडताळात ठेवायची. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण गंजाशी भांडण घरचंच.

म्हणून १९८७ सालचा पुण्याचा एक शोधनिबंध वाचताना हसू आलं. पी. पी. पाटील, सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आणि त्यांचे सहकारी लोखंड मुद्दाम गंजवत होते! ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ५८व्या खंडात ते छापून आलं. पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर रुबी लेसरचा झोत मारायचा, तोही सेकंदाच्या कोटीव्या हिश्शाहून कमी वेळ. तेवढ्यात पृष्ठभाग वितळतो, पाण्यातला ऑक्सिजन धरतो आणि लगेच गोठतो. सावकाश गंजताना टिकली नसती अशी ऑक्साइडं तिथेच अडकतात. लोहार तापलेली कोयती पाण्यात घालतो तेव्हा चर्र होतं ना, तसंच. फक्त घाई भलतीच.

१९९२ साली ओगल्यांच्या गटानं बेंझिनमध्ये ग्रॅफाइट ठेवून, त्यावर तसाच लेसरचा झोत मारून हिऱ्याचे कण मिळवले. म्हणजे द्रव नुसता गार करत नाही, तो भागीदार असतो. पुढच्याच वर्षी जर्मनीत फोयटिक आणि हेंगलाइन यांनी याच वाटेनं द्रवात तरंगणारे धातूंचे सूक्ष्म कण केले.

लोखंडासारख्या चुंबकी कणांसाठी हा भागीदार नीट निवडावा लागतो. कण जितका बारीक, तितका त्याच्या पृष्ठभागाचा वाटा मोठा. उघड्यावर लोखंडाचा असा कण बघता बघता गंजतो आणि चुंबकत्व उणावतं. मग पाण्याऐवजी टोल्युइनसारखा कार्बनी द्रव घेतात. तापलेल्या धातूभोवती तो द्रव फुटतो आणि त्यातला कार्बन कणावर थरांनी बसतो. वर्गात मी कंदिलाच्या काचेवरची काजळी सांगायचो. शेवटच्या वर्षांत मुलं विचारू लागली, कंदील म्हणजे काय?

कार्बनचं हे कवच मात्र सलग हवं. फट राहिली की ऑक्सिजन आत शिरलाच. आजीचा अडकित्ता अजून माझ्याकडे आहे. पाती काळीभोर, गुळगुळीत. खिळीपाशी, जिथे तिचं बोट पोचत नसे, तिथे तांबडा गंज.