आचार्य धर्मानंद कोसंबी : परदेशातील अध्यापन आणि श्रेयाचा प्रश्न

परदेशी विद्यापीठाच्या निमंत्रणावरून गेलेल्या पंडिताची विद्या तेथे आदराने घेतली जाते. परंतु त्या विद्येबरोबर त्याचे नावही स्वीकारले जाते काय? हा प्रश्न आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात ठळकपणे उभा राहतो.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास गेले व कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. याच विद्येच्या बळावर १९१० मध्ये त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पाचारण केले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९९ मधील निधनाने बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्गा'चे संपादन अपुरे राहिले होते, प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्यासमवेत ते पूर्ण करावयाचे होते. तथापि संपादनाच्या श्रेयावरून दोघांत तीव्र मतभेद झाला आणि १९१२ च्या आरंभी कोसंबींनी हार्वर्ड सोडले.

हा केवळ मानापमानाचा वाद नव्हता. भिक्षुसंघाच्या परंपरेतून शिकलेला मनुष्य विद्यापीठात संपादक ठरतो की निव्वळ साहाय्यक, हा त्यातील खरा मुद्दा होय. मायदेशी त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुढे १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, कारण ग्रंथ पूर्ण होणे त्यांस अगत्याचे वाटत होते. १९२९ मध्ये लेनिनग्राड येथेही त्यांनी पालीचे अध्यापन केले.

हार्वर्डची आवृत्ती प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन हे संपादक, तर कोसंबी हे संशोधित पाठ सिद्ध करणारे म्हणून नोंदले आहेत. ते पाहण्यास कोसंबी हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले होते. मात्र त्यांनी स्वतः संपादिलेली नागरी आवृत्ती १९४० मध्येच मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली होती.

परदेशात वेचलेल्या श्रमांचे हे फळ आपल्या लिपीत आपणांस लाभले, ही गोष्ट मोलाची आहे. मुंबईतील परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभारण्यासाठी झटणाऱ्या या आचार्यांची विद्या केवळ विद्यापीठांपुरती नव्हती. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी पालीचा अभ्यास आरंभणाऱ्या तरुण उपासकाने 'विसुद्धिमग्ग' हाती घेताना एवढे ध्यानी ठेवावे : ग्रंथ पूर्णत्वास नेणे हे विद्वानाचे कर्तव्य आहे, आणि त्याच्या श्रमांची नोंद यथार्थ ठेवणे, हे आपले.