अर्जनविसाची अक्षरे

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या निलंग्याच्या घरी दरवर्षी होणारे एक लहानसे उत्खननच. माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. कधी आजोबांचे मोडी कागद निघतात, कधी वडिलांच्या टंकयंत्राची वाळून गेलेली शाईची फीत निघते. 2011 साली निघाली ती एक काळी चौकोनी फ्लॉपी. तिच्यावर वडिलांच्या हातचे तीन शब्द होते : 'माझ्या आठवणी, पूर्ण.'

या तीन शब्दांमागची हकीकत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे निलंगा पूर्वी निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. दरबाराची भाषा उर्दू. त्यामुळे आजोबा घरचा हिशेब मोडीत लिहीत आणि सरकारी दरखास्त उर्दूत. वडीलही उर्दू माध्यमातच शिकले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान मुक्त झाले, पुढे 1956 साली निलंगा तालुका बीदरमधून निघून त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि 1982 साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरकडे गेला. माणसे होती तिथेच राहिली, त्यांचा जिल्हा मात्र दोनदा बदलला! वडिलांना तर लिपीही बदलावी लागली. ऐन पंचविशीत ते लातुरास जाऊन मराठी टंकलेखन शिकले आणि तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसू लागले.

मराठी टंकयंत्र पाहिलेल्या वाचकांना आठवत असेल की त्याची रीत बोलण्याच्या उलट असे. 'कि' उमटवायचे तर वेलांटी आधी मारायची आणि 'क' नंतर. 'ग' हे अक्षर अर्धे मारून त्याला काना जोडावा लागे. यंत्राला अक्षराचा अर्थ ठाऊक नसे, फक्त आकार ठाऊक असे. वडील म्हणत, "यंत्राला व्याकरण नसतं. ते आपल्या डोक्यात असावं लागतं."

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या भागात कोणी विसरणार नाही. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते, आणि चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. औसा, उमरगा आणि आमचा निलंगा या तालुक्यांतली गावे दगडामातीच्या ढिगाऱ्यांत गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतरची दोन वर्षे वडिलांनी मदतीचे अर्ज टंकले, बहुतेक फुकट. एका म्हातारीचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, म्हणून तिची मदत अडली होती. तिचा अर्ज त्यांनी पाच वेळा टंकला. ही आणि अशी माणसे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली. 1997 साली मी ती वही लातूरच्या एका डीटीपीच्या दुकानात संगणकावर उतरवून घेतली. छापायचे राहून गेले. 2004 साली वडील गेले, आणि मूळ वही पुढे वाळवीने खाल्ली.

म्हणजे आता उरली होती ती फक्त फ्लॉपी. पुण्याहून दिवाळीला आलेल्या पुतण्याने कुठूनसे यंत्र आणून ती वाचली, आणि पडद्यावर उमटली इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि उद्गारचिन्हांची भेळ. एकही मराठी अक्षर नाही. मी मटकन खाली बसलो.

"काका, मजकूर शाबूत आहे," पुतण्या म्हणाला, "हरवलाय तो त्याचा मुखवटा."

त्याने समजावले ते असे. त्या काळच्या बहुतेक मराठी अक्षरसंचांनी बहुरूप्याचे सोंग घेतले होते. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरेच साठवलेली असत, त्यांच्या अंगावर देवनागरीचे आकार चढवलेले असत इतकेच. टंकयंत्राचीच ती रीत, आधी वेलांटी आणि मग अक्षर. तो संच ज्या यंत्रावर असेल तिथे मराठी दिसायचे, नसेल तिथे भेळ. प्रत्येक कंपनीचे सोंग निराळे. आमच्या दुकानदाराचा संच एका कुलूपकिल्लीवर चाले, आणि ते दुकान बंद होऊन वर्षे लोटली होती.

मला जावजी दादाजींची आठवण झाली. त्यांनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या ओतशाळेचे शिशाचे खिळे एकदा विकत घेतले की ते घेणाऱ्याचे होत. ओतणारा गेला तरी खिळे घराबाहेर पडत नसत. संगणकाच्या युगात मात्र आम्ही अक्षरे विकत घेतली असे समजत होतो आणि प्रत्यक्षात ती भाड्याने आणली होती.

याला उपाय नव्हता असे नाही, आणि गंमत अशी की तो वडील टंकयंत्र बडवीत होते तेव्हाच तयार होत होता. 1991 हे साल त्या दृष्टीने मोठे नवलाचे. त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने आपल्या लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली प्रमाण ठरवली. तिच्यामागे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले काम होते. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एकेक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरून घेतली गेली. त्याच वर्षी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले, आणि सर्वांनी ते पाहावे, सुधारावे, वाटावे असे सांगितले. त्याची वाट रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने 1983 पासूनच आखून ठेवली होती.

यातला 'मुक्त' हा शब्द घरातल्या मंडळींना चकलीच्या भाजणीवरून सांगतो. बाजारची भाजणी आणली तर चकली उत्तम होईल, पण तांदूळ किती आणि डाळ किती हे पाकीट सांगत नाही. शेजारच्या काकू प्रमाण लिहून देतात, वर सांगतात की हवे तर बदल कर, फक्त बदललेले पीठ दुसऱ्याला दिलेस तर प्रमाणही दे. मुक्त आज्ञावली ही अशी असते. ती बहुधा फुकट मिळते, पण फुकटपणा हे तिचे मर्म नव्हे. प्रमाण हाती असणे हे मर्म.

पुतण्याने तेच केले. कुणा अनोळखी माणसाने आमच्याच अक्षरसंचाचे सोंग उतरवणारा तक्ता तयार करून सर्वांसाठी खुला ठेवला होता. कोणते इंग्रजी चिन्ह म्हणजे कोणते मराठी अक्षर, वेलांटी कुठून उचलून कुठे ठेवायची, रफार कोणाच्या डोक्यावर द्यायचा, हे सारे त्यात होते. तक्ता चालवला आणि पडद्यावर हळूहळू वडील बोलू लागले. 'ज्ञ' आणि 'श्र' असलेले शब्द तेवढे मोडलेले आले. पुतण्याने तक्त्यात चार ओळी भरून ती चूक सुधारली आणि सुधारलेला तक्ता पुन्हा होता तिथे ठेवला. आता ज्याची फ्लॉपी निघेल त्याला ते चार ओळींचे काम करावे लागणार नाही.

अर्थात पैसे घेणाऱ्या कंपन्यांना खलनायक ठरवणे मला पटत नाही. दुसरे काही हाती नव्हते तेव्हा त्यांच्याच संचांनी मराठी वर्तमानपत्रे आणि दिवाळी अंक संगणकावर आणले. विंडोज 2000 बरोबर घरोघर पोचलेला मंगल हा युनिकोड अक्षरसंचही विकाऊ प्रणालीतलाच, आणि तो आपल्या र. कृ. जोशींनी आखलेला. उलट मुक्त कामे पुष्कळदा माणसांअभावी अर्धवट पडून राहतात. कुलूप मला खुपले ते एवढ्यासाठी की किल्ली हरवली तेव्हा घर माझे असून मला आत जाता येईना.

तेव्हा अनुभवाच्या चार गोष्टी. मराठी लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिका, तिथे आधी 'क' आणि मग वेलांटी, अगदी बोलतो तसे. घरच्या लेखनाला लिबर ऑफिस पुरून उरते, आणि त्याचा ओडीटी साचा उघडा असल्याने उद्या दुसऱ्या कोणत्याही साधनाने तो वाचता येईल. अक्षरे देखणी हवीत तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त अक्षरसंच खरोखरच नावाप्रमाणे मुक्त आहे. आणि प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. वाळवी कागद खाते तशी फ्लॉपीही एक दिवस मुकी होते.

वडिलांच्या आठवणींत त्या म्हातारीची हकीकत शेवटच्या पानावर आहे. पाचव्या अर्जाला यश आले तेव्हा तिने वडिलांना विचारले, "आता तरी सगळ्या कागदांवर मी एकच हाय का?" वडिलांनी हो म्हटले.

2014 साली युनिकोडमध्ये मोडीलाही जागा मिळाली. गेल्या दिवाळीत पुतण्याने आजोबांचा एक हिशेब मोडीत, त्यांच्याच एका दरखास्तीचा मसुदा उर्दूत आणि वडिलांचे ते शेवटचे पान बालबोधीत असे तिन्ही एकाच पानावर उतरवून मला छापून दिले. लक्ष्मीपूजनाला आम्ही वहीशेजारी ते पान ठेवले. आईने त्याला हळदकुंकू वाहिले आणि चष्मा लावून वडिलांची ओळ मोठ्याने वाचली. एकही अक्षर अडले नाही.