भिंतीपलीकडची मुले

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली. म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्युटियस यांना दोन्ही जर्मनींतली मुले शेजारी-शेजारी ठेवून तपासता आली. पूर्वेकडच्या लाइपझिगची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली. ॲलर्जी तिथेच जास्त असणार, हा त्यांचाही अंदाज होता. निघाले उलटेच. ब्राँकायटिस तिकडे जास्त, पण परागकणांची ॲलर्जी नीटनेटक्या म्युनिकमध्ये कितीतरी अधिक!

१९८९ सालीच लंडनमध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी सतरा हजारांवर ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासून सांगितले होते, की थोरली भावंडे जितकी जास्त, तितकी ही ॲलर्जी कमी. भावंडांचे जंतू धाकट्याला लवकर भेटतात, म्हणून असावे. (स्ट्रॅचन यांच्या तेव्हाच्या संस्थेच्या नावातच ‘स्वच्छता’ होती, ही गंमत!) पूर्वेकडची मुले तर तान्हेपणीच पाळणाघरात जात.

२००१ साली आल्प्स भागातल्या पाहणीत पहिल्या वर्षी गोठ्यात वावरलेल्या मुलांना दमा कमी आढळला.